रामरावांच्या ओसरीवरची इंग्रजी

पाणी बदललं की बोली बदलते म्हणतात. आपल्या जिल्ह्यात इंग्रजीही बदलते. झरी जामणीच्या अंगाला गेलं की तेलंगण हाकेवर. तिथला माणूस 'बस'ला 'बस्सू' म्हणणार आणि 'रोड'ला 'रोडू'. मागून एक उकार चिकटवल्याशिवाय शब्द पुरा झाला असं त्याला वाटतच नाही. ढाणकीच्या बाजारात सोयाबीनची 'कालिटी' पाहतात. आणि दारव्हा-बोरीकडच्या लोकांनी तर तो तोंड गोल करायचा 'ऑ' शिवेच्या आत कधी येऊच दिला नाही. कालेज, आफिस, हाल, डाक्टर. तोंड उघडलंच आहे तर सरळ 'आ' करावा, निम्मं उघडून निम्मं झाकायचं कायले? 'ॲ'चीही तीच गत. ब्यांक, ग्यास, म्याडम. पुण्याहून सुटीत आलेलं पोरगं तोंडाचा चंबू करून 'कॉलेज' म्हणालं की चहाच्या टपरीवरचे म्हातारे एकमेकांकडे बघतात, याच्या दाढेला काही झालं की काय म्हणून.

बोरी अरबमध्ये या सगळ्या स्वरांचा मूळ कारखाना म्हणजे देवराव सर.

सर गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झाले. त्यांचे वडील दुसऱ्याच्या वावरात राबणारे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की आता या घरातला एक तरी माणूस साहेबाची भाषा बोलला पाहिजे. देवराव तेव्हा जन्मालाही आले नव्हते. जन्मले ते हा गृहपाठ घेऊनच. पुढं ज्या ओसऱ्यांखाली वडील हात बांधून उभे राहत, त्याच ओसऱ्यांवर सरांसाठी खुर्ची पुसली जाऊ लागली, आणि ती पुसली जायची इंग्रजीमुळं. ब्यांकेची नोटीस येवो, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं असोत, गाव सरांकडे धावायचं. सर चष्मा चढवून आधी सगळं इंग्रजी मोठ्यानं वाचत, मग मराठीत अर्थ सांगत. लोकांना अर्थापेक्षा वाचणंच जास्त आवडायचं. शेजारचे रामराव तर चारचौघांत सांगायचे, की आमचा देवराव शिंकला तरी इंग्रजीत शिंकते.

एकच गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. ती कांताबाईंना ठाऊक होती, कारण नवऱ्याचं बायकोला ठाऊक नसलेलं असं काही नसतंच. सरांनी जन्मभर जी इंग्रजी ऐकली, ती सगळी स्वतःच्याच तोंडची. वर्गात सर बोलायचे आणि पोरं तेच परत बोलायची. तपासणीला साहेब यायचे ते अमरावतीचे. पहिलं वाक्य इंग्रजीत टाकून दुसऱ्या वाक्याला मराठीवर यायचे आणि तिसऱ्याला जेवणाचं विचारायचे. सरांना बोलायची भीती नव्हती. शंभर माणसांपुढं ते तासभर इंग्रजी बोलले असते. भीती होती ती समोरच्यानं उलट तोंड उघडण्याची.

आणि रामरावांनी नेमकी तीच पाळी आणली.

रामरावांचं गावात बरं चाललंय. कापूस, तूर, दारात ट्रॅक्टर, वर नवा मजला. मुलगा अंकुर बंगळुरूला कंपनीत. त्यानं तिथल्याच एका सेल्वी नावाच्या मुलीशी जमवलं आणि मुलीचे आईवडील तमिळनाडूतून घर पाहायला, बोलणी करायला येणार, असं ठरलं. रामराव सरांच्या घरी आले, चहा प्याले, आणि खुर्चीवरून जरा पुढं सरकून म्हणाले, "देवराव, ईवायाले मराठी येत नाई, हिंदीबी येत नाई. इंग्रजी तेवढी येते. तुले मधात बसा लागते." आपल्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात आणि होणाऱ्या ईवायापुढं माणूस जरा वाकूनच असतो.

सर म्हणाले, अंकुर आहे की, त्याची बहीण निकिता शिकलेली आहे, पोरं बोलतील. रामरावांना ते ऐकवलंच नाही. "पोरगं सोताच्या लग्नाची बोलनी सोताच्या तोंडानं करून राह्यलं, असं कुठं पाह्यलं का तू? बैठकीत त्यानं मान खाली घालून बसा लागते. माह्या लग्नात मी बसलो, तुह्या लग्नात तू बसला."

सर "हाव" म्हणाले. रामराव गेले. सर उठले, बसले, पुन्हा उठले, दारापर्यंत जाऊन परत आले.

त्या दिवसापासून सरांचं बूड जमिनीला टेकेना. सकाळी दारव्ह्याच्या रस्त्यानं फिरायला निघायचे ते कानात मोबाईलची वायर घालून. आधी इंग्रजी बातम्या लावल्या. ती बातम्यावाली बाई अशी बोलत होती, की मागं कुत्रं लागलंय आणि पुढं बस सुटतेय. मग त्यांनी तमिळ माणसांची इंग्रजी भाषणं हुडकली. तिथं वेगळाच प्रकार. 'एग'चं 'येग', 'एम'चं 'येम', अन् 'ओन्ली'ची 'वोन्ली'. सर चालता चालता थांबायचे, मागं ढकलून तेच वाक्य पुन्हा ऐकायचे, पुन्हा चालायचे. मागून येणारा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून जायचा. घरी आले की माठाजवळ जायचे, पाणी न पिताच परतायचे.

नागपूरला नोकरीवर असलेल्या प्रफुल्लला, म्हणजे आपल्या मुलाला, त्यांनी फोन लावला. तो हसला. म्हणाला, पप्पा, नाही समजलं तर 'यस यस' म्हणा अन् चहा मागवा. सरांनी फोन ठेवून दिला. 'यस यस' कशाला म्हणालो हेच कळलं नाही तर? समोरच्यानं हुंडा मागितला तर? विहीर मागितली तर?

कांताबाई तांदूळ निवडता निवडता सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "इतके वर्सं लोकायच्या पोरायले मारू मारू शिकोलं. आता आपल्या पाठीवर छडी आली तर कायले भेता?"

"तू नको मधात बोलू. तुले नाई समजत."

"मले नाई समजत म्हनून तर मी झोपतो रात्री," कांताबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बाया स्वतःलाही 'झोपतो'च म्हणतात. त्यात पुरुषांची भीड कशाला?

सरांना खरं काय टोचत होतं ते कांताबाईंना ठाऊक होतं. सोयरिक रामरावांची मोडली असती तर रामरावांनी दुसरी पाहिली असती. पण त्या ओसरीवर, अर्ध्या गावापुढं, सरांना पाहुण्याचं इंग्रजी कळलं नाही असं झालं असतं, तर बापानं नागपूरहून आणलेला तो गृहपाठ सबंध गावासमोर कोरा निघाला असता.

बैठकीचा दिवस उजाडला. ओसरीवर गाद्या, मधोमध ताटात सुपारी. बोलणी जमली की ती फोडायची, मग सोयरिक पक्की. एका बाजूला रामराव आणि भाऊबंद, मागं सरांच्या हाताखालून गेलेले दहा-वीस गडी, नवीन फेटे बांधून. अंकुर कोपऱ्यात मान खाली घालून. आत विमलताई, रामरावांची बायको, पाटवडीच्या रश्शाला शेवटची फोडणी देत. सर मधल्या खुर्चीवर. पाय मात्र खुर्चीखाली सारखे हलत होते, शिवणयंत्र चालवल्यासारखे.

नागपूरहून गाडी आली. पाहुण्यांचं नाव पोन्नुस्वामी. पांढरी स्वच्छ लुंगी, कपाळावर भस्म, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. सोबत त्यांची बायको, केसांत गजरा, डोळे सगळीकडे. पोन्नुस्वामी बसले, हात जोडले आणि बोलू लागले.

"गुड्ड मार्रनिंग. आय येम पोन्नुस्वामी. वी येर वेरी ह्याप्पी टु कम्म हिअर्र."

सरांचे पाय थांबले.

एकूण एक अक्षर कळलं होतं. त्या माणसानं एकही अक्षर गिळलं नव्हतं. छापखान्यानं ज्याला जागा दिली, त्याला त्यानं तोंडातही जागा दिली होती. 'र' तर असा वाजवला होता की रिकामी बैलगाडी फरशीवरून गेली. सरांनी घसा साफ केला आणि आपली इंग्रजी सोडली, तीही तशीच, अक्षरागणिक, 'वेड्‌नेसडे'मधल्या 'ड'लासुद्धा न्याय देणारी. पोन्नुस्वामींचा चेहरा उजळला. त्यांनी सांगितलं, मुलगी बंगळुरूला गेल्यापासून अर्धा शब्द खाते आणि उरलेला नाकातून काढते. घरच्या पोरीचं इंग्रजी मला कळत नाही, आणि तुमचं पहिल्या वाक्याला कळलं. दोघांचीही इंग्रजी पुस्तकातून शिकलेली, माणसांकडून नव्हे. पुस्तक सगळीकडे एकच. एकाचं 'येम', दुसऱ्याचं 'ब्यांक', पण मधे कुठं खड्डा नाही.

सर खुर्चीत मागं टेकले. मागच्या फेट्यांनी एकमेकांना कोपर मारलं. आणि इथंच घात झाला, कारण सर खुशीत आले.

रामरावांनी रीतीनं सुरुवात केली. सोयरिकीच्या बैठकीत आपला माणूस कसा बोलतो हे काय सांगायला हवं? दारात ट्रॅक्टर असला तरी घर गरिबाचं म्हणायचं. चार भाज्या शिजत असल्या तरी मीठ-भाकर म्हणायचं. पोरगा कलेक्टर असला तरी बावळट म्हणायचा. समोरचा "नाही हो, असं कसं" म्हणतो आणि मग गाडी पुढं जाते.

रामराव म्हणाले, "आमचं काय जी, गरिबाचं घर. मीठ-भाकर हाय, गोड मानून घ्या."

सरांनी शब्द न शब्द दिला. "ही सेज, दिस इज पुअर म्यान्स हाऊस. ओन्ली ब्रेड यान्ड साल्ट. प्लीज टेक इट याज स्वीट."

पोन्नुस्वामींनी अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, वरच्या मजल्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. कर्जाचं असेल, असा काहीतरी त्यांचा समज झाला असावा.

"पोरगं आमचं येडंबागडं हाय. अक्कल म्हनून नाई त्याले. पदरात घ्या."

"हिज सन इज म्याड. नो ब्रेन याट आल. प्लीज टेक हिम."

अंकुरचे कान लाल झाले. चहाचा ट्रे घेऊन निकिता दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली. भावाकडे बघू लागली. भावानं तोंड उघडलं, थोरल्या काकांनी त्याच्याकडे पाहिलं, भावानं तोंड मिटलं.

"अन् तुमची पोरगी सोन्यावानी. तिले आमच्या घरी सुख कुठचं भेटन जी."

"युवर डाटर इज गोल्ड," सर आता हात हलवून बोलत होते, "बट इन दिस हाऊस शी विल नाट गेट एनी ह्यापिनेस."

पोन्नुस्वामींनी कप खाली ठेवला. बायकोच्या कानाशी तमिळमध्ये काही बोलले. तिनं पदर सारखा केला, पर्स मांडीवर घेतली. मग ते सरांकडे वळले आणि एकेक अक्षर सुटं करत विचारलं, की मुलाला आजार काय आहे? कधीपासून? औषध चालू आहे का? आणि इथं मुलगी सुखात राहणार नाही हे बापालाच ठाऊक असेल, तर आम्हाला इतक्या लांब बोलावलं कशाला?

सरांना हेही एकूण एक कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की हे कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

त्यांनी समजावून पाहिलं, की ही आमची रीत आहे, आम्ही स्वतःचं कमी करून सांगतो. पोन्नुस्वामींनी ऐकून घेतलं. कमी सांगणं आमच्याकडेही आहे, ते म्हणाले, पण पोटच्या पोराला वेडा कोणी म्हणत नाही. तुम्ही भला माणूस, शेजाऱ्याचं झाकताय. गणिताचा माणूस तो. एकदा मांडलेलं उत्तर तो असा कसा खोडणार?

सर रामरावांकडे झुकले. "रामराव, पोराबद्दल दोन शबुद चांगले बोला. लवकर."

रामराव दचकले. "ईवायासमोर पोराची तारीफ करू? लोक काय म्हनतीन? इकून राह्यलो का मी त्याले?" आणि सर का घाईला आले हे न कळून त्यांनी आणखी नम्रतेनं हात जोडले. "त्यायले सांग, नानं खोटं हाय आमचं, पन तुमच्या पदरात टाकतो."

याचं इंग्रजी सरांनी केलं नाही.

पोन्नुस्वामी उठले. उभ्यानंच त्यांनी विचारलं, सरळ, की हे सगळं मुलाचे वडील बोलले, की तुम्ही बोललात?

सर खुर्चीवरून अर्धे उठले, बसले, पुन्हा उठले. 'वडील बोलले' म्हटलं तर त्यांची इंग्रजी निष्कलंक राहत होती, पण पाहुणे गाडीत बसत होते. मागं फेट्यांतले सगळे त्यांचेच विद्यार्थी. लांबलचक इंग्रजी त्यांना कळलं नसतं. पण काही शब्द सरांनीच छडीनं त्यांच्यात असे ठोकून बसवले होते, की ते झोपेतही कळले असते.

सरांनी खिशातला रुमाल काढला, परत ठेवला.

"सर," ते पोन्नुस्वामींना म्हणाले, मोठ्यानं, वर्गात बोलावं तसं, "माय इंग्लिश इज ब्याड. मिस्टेक इज माईन. फादर सेड गुड. आय सेड राँग."

मागचे फेटे एकमेकांकडे वळले.

"बट युवर इंग्लिश इज वेरी क्लियर्र," पोन्नुस्वामी म्हणाले.

"क्लियर, सर. बट राँग."

पोन्नुस्वामींनी ट्रॅक्टरकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग बसले आणि म्हणाले, बरं, मग वडील खरं काय म्हणाले ते सांगा.

सर उभेच राहिले. त्यांनी सांगितलं, की वडील म्हणतात, माझा मुलगा रोज सकाळी फोन करून आधी बैलांचं विचारतो, मग माझं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो नोकरी बाजूला ठेवून आला, तिच्या पथ्याचं सगळं स्वतः रांधलं, मीठ कमी पडलं तरी ती खात राहिली. बहिणीला शिकवतो. दारू पीत नाही. आणि त्यानं हट्टानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे, तुमची मुलगी. यातला एकही शब्द खोटा नव्हता. रामराव हे सगळं बाजाराच्या दिवशी टपरीवर, कोणी विचारो न विचारो, दर आठवड्याला सांगायचे. फक्त बैठकीत सांगत नव्हते.

रामरावांना इंग्रजी कळत नव्हतं. आपलं खोटं नाणं फारच नम्रपणे मांडलं जातंय असं समजून ते मधूनमधून मान हलवत राहिले, "कायचं जी, कायचं एवढं." पोन्नुस्वामींना तो विनय वाटला. तो विनयच होता म्हणा.

अंकुरची मान आता रीतीपेक्षाही खाली गेली होती. पोन्नुस्वामींची बायको केव्हापासून त्याच्याकडेच बघत होती. ती नवऱ्याशी एवढंसं काही बोलली, पर्स मांडीवरून खाली ठेवली, आणि रामरावांच्या थोरल्या भावानं अडकित्ता उचलून सुपारी फोडली.

पाटवडीचा रस्सा पाहुण्यांना झणझणीत लागला आणि त्यांनी तो दोनदा घेतला. सरांच्या पानातलं सगळं तसंच राहिलं. हात धुवायला ते तीनदा उठले.

बातमी टपरीवर पोचायला पाहुण्यांची गाडी गावाबाहेर जायचीही वाट पाहावी लागली नाही. सरांना इंग्रजी येत नाही. कोण म्हणतं? सरच म्हणाले, सोताच्या तोंडानं, पाहुण्यापुढं, सोयरिक मोडता मोडता वाचली. जुने विद्यार्थी हिशेब करू लागले, की मग आपण नापास झालो तो दोष नेमका कोणाचा? रामरावांनी तर मोठ्या मनानं सांगून टाकलं, की वयानं होते असं, देवराव आता थकला. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला गाव आता इंग्रजी शाळेत जाणाऱ्या एका पोरीकडे जातं. ती 'क्वॉलिटी' म्हणते. लोकांना निम्मं कळत नाही, म्हणून ते खरं वाटतं.

पोन्नुस्वामींचा मात्र दर आठवड्याला सरांना फोन येतो. मुलगी नाकातून बोलते, जावई भरभर बोलतो, तिकडच्या पंगतीला किती माणसं, इकडून किती येणार, सगळं ते सरांनाच विचारतात. फोन वाजला की सर चपला घालून वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जातात आणि तिथं, तुरीच्या ओळींपुढं, मोठ्यानं बोलतात. परत येतात. मग अंगणात येरझाऱ्या सुरू होतात, लिंबाच्या झाडापासून नळापर्यंत आणि नळापासून फाटकापर्यंत.

कांताबाईंना त्यांनी सगळं सांगितलं होतं. कांताबाईंनी ते कोणालाही सांगितलं नाही, असं त्या ज्यांना ज्यांना सांगतात त्यांना बजावतात. गावातल्या बायांना आता बहुतेक ठाऊक आहे. विमलताईंना तर निकितानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तेव्हापासून त्या सणावाराला सरांच्या घरी आधी डबा धाडतात. पुरुषांत अंकुर तेवढा जाणतो, आणि तो मान खालीच घालून बंगळुरूला गेला; बाकीच्यांच्या कानावर अजून गेलेलं नाही. पुरुषांच्या कानावर सगळं शेवटी जातं.

परवा टपरीवर कोणीतरी सरांना, ते पुढून जात असताना, 'क्लियर बट राँग' म्हणून हाक मारली. सर घरी आले आणि त्यांच्या येरझाऱ्या थांबेनात. कांताबाई म्हणाल्या, "एकडाव सांगून काहून नाई टाकत रामरावले? म्हना, रामराव, तुमच्याच तोंडचं होतं, शबुद न शबुद."

"लगन होऊ दे. आता सांगलं तर त्याले वाटन ईवायानं त्याले मूर्ख समजलं. मग हा तिकडं जाऊन माफी मागत बसन, अन् सगळं उलटंपालटं होईन."

"अन् लगन झाल्यावर?"

सर फाटकापर्यंत गेले, कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"लेकरू होऊ दे एखादं," ते म्हणाले, आणि नळाकडे वळले.